वाहिनी ओटावाच्या केंद्र सरकारची, डोंगर बर्नबीचा. मग पालिकेनं पर्यावरण सुनावणीत बसून मिळवलं काय?

पाऊसवेडा
अल्बर्टापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत आणखी एक तेलवाहिनी टाकायची चर्चा कॅनडात परत सुरू झालीय. त्यामुळे इथे चार मराठी माणसं जमली की जुना वाद उकरला जातो. ट्रान्स माउंटन तेलवाहिनीच्या वेळी व्हँकुवरशेजारच्या आमच्या बर्नबी पालिकेनं पर्यावरण छाननीत जीव तोडून भाग घेतला. वकील लावले, तज्ज्ञांचे अहवाल दिले, कंपनीला हजारावर लेखी प्रश्न विचारले. एवढं करून वाहिनी झालीच. १ मे २०२४ पासून तेल वाहतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मूळ वाहिनी १९५३ सालची, एडमंटन ते बर्नबी, साधारण ११५० किलोमीटर. डिसेंबर २०१३ मध्ये किंडर मॉर्गन कंपनीनं तिला जोडीला दुसरी वाहिनी टाकायचा अर्ज केला. रोजची क्षमता ३ लाख बॅरलवरून ८ लाख ९० हजार. आमच्या डोंगरावरच्या टाक्या १३ वरून २६. बंदरात महिन्याला पाचेक तेलजहाजं यायची, ती ३४ पर्यंत जाणार. आणि या सगळ्याची छाननी करणारं तेव्हाचं राष्ट्रीय ऊर्जा मंडळ कॅल्गरीत.

माझं मत असं की पालिकेनं केलं ते बरोबरच केलं. पण "आमच्या करातून वकिलांची घरं झाली" म्हणणारेही बरेच आहेत. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_काका
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. कॅल्गरीवाले आले की उठवा.

तेलबुद्धी
आलो काका. कॅल्गरीतूनच. आणि हो, माझी भाकरी तेलावरच आहे, आधीच सांगून टाकतो.

पाऊसवेडा, एक साधी गोष्ट. वाहिनी दोन प्रांतांतून जाते. अशा कामावर अधिकार केंद्राचा, हे १८६७ च्या राज्यघटनेतच आहे. ११५० किलोमीटरच्या वाटेवरच्या प्रत्येक गावाला नकाराधिकार दिला तर रेल्वे, महामार्ग, विजेच्या तारा, काहीच होणार नाही. तुमच्या पालिकेला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी झाडं तोडायची परवानगी अडव, नकाशे अडव, हे प्रकार झाले. २०१३ मध्ये ५.४ अब्ज डॉलरचा अंदाज होता, शेवट ३४ अब्जावर झाला. त्या वाढीत तुमच्या दिरंगाईचा वाटा कुणी मोजायचा?

सईसाखर
तेलबुद्धी, ५.४ ते ३४ सगळं बर्नबीच्या माथी? मग महागाई, पूर, करोना, डोंगरातलं खोदकाम हे काय पाहुणे म्हणून आले होते?

तेलबुद्धी
सगळं नाही म्हटलं, वाटा म्हटलं. नीट वाचा की हो.

वकिलीण_बाई
मी टोरंटोत असते, पालिकांच्या बाजूनं थोडंफार काम केलंय (या प्रकरणात नाही). तेलबुद्धी यांचा घटनेचा मुद्दा बरोबर आहे, उलट त्याहून वाईट आहे. इथे पालिका ही प्रांताची निर्मिती. घटनेत तिला स्वतःचं स्थानच नाही. आपल्याकडे ७४ व्या दुरुस्तीनं निदान कागदावर तरी दिलंय.

पण "अधिकार नाही" आणि "भूमिका नाही" यांची गल्लत होतेय. २०१२ मध्ये पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारनं ऊर्जा मंडळाचा कायदा बदलला. छाननीला १५ महिन्यांची मुदत आली, आणि ज्याच्यावर थेट परिणाम होतो किंवा ज्याच्याकडे संबंधित माहिती वा तज्ज्ञता आहे त्याचंच ऐकायचं असं ठरलं. ट्रान्स माउंटनसाठी दोन हजारांहून जास्त अर्ज आले. ४०० जणांना इंटरव्हीनर (पुरावे देऊ आणि प्रश्न विचारू शकणारे पक्षकार) केलं, साडेबाराशेच्या आसपास लोकांना फक्त एक पत्र लिहायची मुभा, आणि साडेचारशेहून जास्त लोकांना सरळ नकार. आता सांगा, टाक्यांखाली राहणाऱ्या ज्या माणसाला नकार मिळाला त्याच्या वतीनं प्रश्न कोण विचारणार? पालिकाच ना?

दुसरी गोष्ट, या सुनावणीत तोंडी उलटतपासणी नव्हती. सगळं लेखी. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर, उत्तर अपुरं वाटलं तर मंडळाकडे तक्रार, आणि मंडळ बहुतेक वेळा म्हणणार की पुरे आहे. बीसी हायड्रोचे माजी प्रमुख मार्क एलिसन नोव्हेंबर २०१४ मध्ये याच कारणावरून बाहेर पडले. विजेच्या सरकारी कंपनीचा माजी प्रमुख, काही झाडाला मिठी मारणारा पोरगा नव्हे.

उंडगा
झाडाला मिठी मारणाऱ्या पोरांच्या वतीने निषेध. :फिदी:

खडूस_काका
एकंदरीत पालिकेची अवस्था लग्नातल्या मामासारखी दिसते. अंतरपाट धरायला मामा हवा, स्थळ ठरवताना मात्र कुणी विचारलेलं नसतं.

पाऊसवेडा
काका _/\_

सासवडची_अंजू
मला एक कळलं नाही. बर्नबीच्या लोकांना एवढी भीती कशाची? वाहिनी तर १९५३ पासून आहेच म्हणता.

पाऊसवेडा
अंजूताई, त्याला कारण २४ जुलै २००७. इनलेट ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे, घरांच्या मधून जातो. पालिकेच्या पावसाळी गटाराचं काम चालू होतं, कंत्राटदाराच्या खोदयंत्राचा दात तेलवाहिनीला लागला. तेलाचं कारंजं घरांच्या छपरांवरून उडालं. दीडेक हजार बॅरल तेल बाहेर पडलं, त्यातलं काही पावसाळी गटारांतून थेट बरार्ड खाडीत. अडीचशेच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली. नकाशावर वाहिनी जिथे दाखवली होती तिथे ती जमिनीत नव्हती, हे चौकशीत निघालं. पुढे वाहिनी कंपनीसह तिघांनी कोर्टात गुन्हा कबूल केला.

आणि टाक्यांचं म्हणाल तर त्या डोंगराच्या उतारावर आहेत, वर सायमन फ्रेझर विद्यापीठ. विद्यापीठातून उतरायचे रस्ते टाक्यांच्या जवळच एका चौकात मिळतात. तिथे आग लागली तर वरच्या हजारो मुलांना कुठून उतरवायचं, हा प्रश्न २०१५ मध्ये अग्निशमन दलाच्या उपप्रमुखांनी अहवालात मांडला. एकीची आग शेजारच्या टाकीला लागण्याची शक्यता, टाक्यांमधलं अंतर, धूर कुठे जाईल, असं बारकाईनं लिहिलंय.

तेलबुद्धी
म्हणजे २००७ ची गळती पालिकेच्याच कंत्राटदारानं केली. हे मी बोललो नाही, तुम्हीच लिहिलंत. :)

पाऊसवेडा
लिहिलंच ना. लपवायचं कशाला? पण वाहिनी कंपनीनंही गुन्हा कबूल केला, ते वाक्य तुम्ही बरोबर ओलांडून गेलात.

मनमाडकर
धागा मस्त. आमचं गाव तेलवाहिनीचंच. पानेवाडीचा डेपो, मुंबईहून येणारी पाइपलाइन, रात्री टँकरच्या रांगा. त्यामुळे वाचताना एक गंमत वाटली. तुमच्याकडे निदान पालिकेला "तुमचं म्हणणं मांडा" म्हणतात. आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत तेलवाहिनी येते ती फक्त अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, प्रवाळ किंवा संवेदनशील क्षेत्रातून जात असेल तर. शेतातून, वस्तीशेजारून गेली तर पर्यावरण मंजुरी लागतच नाही. मग जनसुनावणी कुठली आणि ग्रामपंचायत कुठली.

उरतो तो १९६२ चा पेट्रोलियम पाइपलाइन कायदा. त्यात जमीन तुमचीच राहते, कंपनी फक्त वापराचा हक्क घेते. २१ दिवसांत हरकत घ्यायची, सक्षम प्राधिकाऱ्याकडे. भरपाई बाजारभावाच्या १० टक्के, पिकाचं नुकसान वेगळं. त्या पट्ट्यावर मग विहीर नाही, घर नाही, झाड नाही. माझ्या मामांच्या वावरातून अशी एक लाइन गेलीय. त्यांना हरकतीची मुदत कळली ती मुदत संपल्यावर.

राजापुरी_गंगा
मनमाडकर, +१. आणि जिथे सुनावणी लागते तिथेही काय? प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, आदल्या महिनाभरात अहवालाची प्रत ग्रामपंचायतीत ठेवलेली. प्रत जाडजूड, सारांश तेवढा मराठीत.

आमच्या नाणारचं उदाहरण घ्या. ग्रामसभांनी ठरावावर ठराव केले. मार्च २०१९ मध्ये अधिसूचना रद्द झाली ती ठरावांमुळे की लोकसभेच्या तोंडावर झालेल्या युतीमुळे, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी राजापूरचा असून सांगतो, ठराव नसते तर युतीवाल्यांना मागायला काही मुद्दाच नसता. आणि २०२३ मध्ये बारसूला माती परीक्षण सुरू झालं तेव्हा परत तेच चालू, गाव रस्त्यावर आणि पोलीस सड्यावर.

तेलबुद्धी
नाणार रिफायनरी होती, वाहिनी नव्हे. विषय भरकटतोय.

राजापुरी_गंगा
विषय "स्थानिक संस्थेच्या म्हणण्याला किंमत किती" हा आहे. तो भरकटला नाही, तुम्हाला गैरसोयीचा झाला.

उंडगा
अवांतर: राजापूरची गंगा आली का यंदा?

राजापुरी_गंगा
अवांतराला उत्तर: ती कोणाची परवानगी घेऊन येत नाही. :)

वकिलीण_बाई
मूळ गोष्टीत २०१४ चा अध्याय राहिलाच. तेलबुद्धी म्हणतात ना झाडांची परवानगी अडवली, तो.

इनलेट ड्राइव्हसारखं परत नको म्हणून नवीन वाहिनी रस्त्यांखालून न नेता डोंगरातून बोगदा खणून न्यायचं कंपनीनं ठरवलं. त्यासाठी डोंगराच्या संरक्षित उद्यानात भोकं पाडून खडक तपासायचा होता. कंपनीच्या माणसांनी झाडं तोडली, पालिकेनं उद्यानाच्या उपविधीखाली काम थांबवलं. कंपनी ऊर्जा मंडळाकडे गेली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये मंडळानं म्हटलं की केंद्राच्या कायद्यानं दिलेल्या पाहणीच्या हक्काच्या आड पालिकेचा उपविधी येत असेल तर तिथे तो लागू नाही. छाननी करणाऱ्या मंडळानंच छाननी चालू असताना पालिकेचा नियम बाजूला ठेवला. डिसेंबर २०१७ मध्ये बांधकामाच्या परवान्यांवरून परत तेच झालं, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पालिकेचं अपील ऐकायलाही नकार दिला. कायद्याच्या पाटीवर बर्नबीच्या नावापुढे फुल्याच फुल्या आहेत, हे मान्य.

सईसाखर
आणि त्या नोव्हेंबरमधली डोंगरावरची धरपकड? शंभरावर लोक पकडले, आणि नंतर सुटले कारण मनाई हुकुमात कंपनीनं दिलेले जीपीएस आकडेच चुकीचे! मनाई एका जागी, आंदोलन दुसऱ्या.

खडूस_काका
२००७ मध्ये नकाशा चुकला, २०१४ मध्ये जीपीएस चुकलं. या लोकांना कुणीतरी तलाठी द्या.

मनमाडकर
काका, तलाठी दिला तर सातबाऱ्यावर डोंगरच दुसऱ्याच्या नावावर होईल.

किटिमॅटचा_बाळ्या
रोमात (नुसता वाचत) होतो, आयडी पाहून कळलंच असेल का बाहेर आलो. काही वर्षं किटिमॅटला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात होतो. तिथे नॉर्दर्न गेटवे नावाची वाहिनी येणार होती. आमच्या नगरपालिकेनं वेगळीच चाल खेळली. केंद्रीय छाननी समितीपुढे तटस्थ राहिली, आणि एप्रिल २०१४ मध्ये लोकांचं मत घेतलं. कौल आला ५८ टक्के विरोधात. कंपनीनं दारोदार माणसं फिरवली होती, जाहिराती केल्या होत्या, तरी. तो कौल कुणावर बंधनकारक नव्हता. दोन महिन्यांनी केंद्रानं २०९ अटी घालून मंजुरी दिलीच.

पण एक गोष्ट तेव्हाही खटकली होती. शेजारच्या कितामात गावातल्या हैसला आदिवासींना मतच नव्हतं, कारण ते पालिकेच्या हद्दीबाहेर. तेल गळलं तर खाडी त्यांची. पुढे २०१६ मध्ये अपील न्यायालयानं ती मंजुरी रद्द केली ती आदिवासी राष्ट्रांशी नीट सल्लामसलत केली नाही म्हणून. पालिकेमुळे नाही.

पाऊसवेडा
बाळ्या, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ट्रान्स माउंटनचंही तसंच. ३० ऑगस्ट २०१८ ला संघीय अपील न्यायालयानं मंजुरी रद्द केली तो खटला स्लेवाटुथ या आदिवासी राष्ट्राच्या नावानं ओळखला जातो, पण अर्जदारांत बर्नबी आणि व्हँकुवर या पालिकाही होत्या. कारणं दोन होती: सल्लामसलतीचा शेवटचा टप्पा नुसती टिपणं घेण्यापुरता झाला, आणि जहाजवाहतूक प्रकल्पाचा भाग म्हणून तपासलीच नाही. वाहिनीमुळे ३४ जहाजं येणार, पण छाननी किनाऱ्यापाशी थांबणार! त्या समुद्रात जेमतेम ७५ च्या आसपास उरलेले दक्षिणी निवासी ऑर्का देवमासे आहेत. मग मंडळाला परत बसावं लागलं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये १५६ अटींबरोबर १६ नव्या शिफारशी आल्या.

तेलबुद्धी
आणि जून २०१९ मध्ये परत मंजुरी. फेरा मारून त्याच जागी. मधल्या काळात कंपनी पळाली आणि ४.५ अब्ज डॉलरला ती वाहिनी आपण, म्हणजे करदात्यांनी, विकत घेतली. न्यायालयाचा निकाल आला त्याच दिवशी किंडर मॉर्गनच्या भागधारकांनी विक्रीवर शिक्कामोर्तब केलं. ह्याला म्हणतात टायमिंग.

उंडगा
म्हणजे आंदोलकांनी कंपनी पळवली आणि बिल आंदोलकांनीच भरलं? कॅनडा महान देश आहे.

खडूस_काका
त्यात बर्नबीचे एक खासदार केनेडी स्टुअर्ट मार्च २०१८ मध्ये फाटकासमोर अटक करून घेतात, दंड भरतात, आणि ऑक्टोबरात व्हँकुवरचे महापौर होतात. आपल्याकडे नगरसेवकाला हे कळलं तर रोज एक फाटक अडेल.

सासवडची_अंजू
मग सगळं वाचून मला असं वाटतंय की पालिका हरलीच. चुकतंय का माझं?

वकिलीण_बाई
अंजू, कोर्टात अधिकाराच्या प्रश्नावर हरली. पण छाननीचा कागद बघा. २०१६ च्या १५७ अटींत टाक्यांच्या आगीशी लढायची तयारी, आपत्तीचे सराव, स्थानिक दलांशी समन्वय, या गोष्टी आहेत. त्या मंडळाला झोपेत सुचल्या नाहीत. कुणीतरी "पाणी किती, फेस किती, माणसं किती मिनिटांत" असं विचारत बसलं होतं. पालिकेला हव्या होत्या तितक्या कडक त्या नाहीत. बर्नबीचं म्हणणं होतं की टाक्या तिथे वाढवूच नका. ते कुणी ऐकलं नाही.

मला यातली खरी अडचण पालिकेच्या हट्टात दिसते. "अजिबात नको" म्हणणाऱ्याला अटींची मागणी जोर लावून करता येत नाही, कारण अट मागितली की "म्हणजे होऊ द्या" असा अर्थ निघतो. वाटेवरच्या इतर काही पालिकांनी कंपनीशी सामंजस्य करार करून सार्वजनिक कामांना पैसे घेतले. बर्नबीनं तसलं काही घेतलं नाही. डेरेक कॉरिगन महापौर असताना तर प्रश्नच नव्हता, आणि २०१८ मध्ये माइक हर्ली आले ते स्वतः अग्निशमन दलातले.

सईसाखर
वकिलीणबाई, इथे असहमत. पैसे घेऊन गप्प बसायचं आणि त्याला शहाणपण म्हणायचं? उद्या गळती झाली तर त्या निधीतनं खाडी पुसणार?

वकिलीण_बाई
शहाणपण कुठे म्हटलं मी? अडचण म्हटलं. हट्टाची किंमत असते, ती बर्नबीनं समजून-उमजून मोजली. तिचा आदर करूनच बोलतेय.

तेलबुद्धी
इतका वेळ भांडलो, आता एक कबुली विरुद्ध पक्षाकडून. मॉन्ट्रियलच्या पालिकांनी २०१६ च्या जानेवारीत एनर्जी ईस्ट वाहिनीला विरोध केला, ८२ पालिका एकत्र. तेव्हा आमच्याकडे फार चिडचिड झाली. पण त्याच वर्षी निघालं की छाननी मंडळाचे सदस्य कंपनीचे सल्लागार राहिलेल्या माजी मुख्यमंत्र्यांना खासगीत भेटले होते. सगळं पॅनेल बाजूला झालं. ट्रान्स माउंटनलाही कंपनीसाठी आर्थिक अहवाल लिहिणाऱ्याचीच मंडळावर नेमणूक झाली आणि तो अहवाल पुराव्यातून काढावा लागला. उद्योगातल्या माणसालाही असलं मंडळ नको असतं. निर्णय आमच्या बाजूनं लागला तरी त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि मग कोर्टात वर्षं जातात.

खडूस_काका
कॅल्गरीवाल्याचं हृदयपरिवर्तन! स्क्रीनशॉट काढून ठेवा.

तेलबुद्धी
काका, परिवर्तन नाही. वाहिनी अजूनही हवीच. आणि त्यातलं तेल जहाजातून रिलायन्सनंही घेतलंय बरं का, तुमच्या पुण्यातल्या गाडीत कदाचित आमचंच असेल.

खडूस_काका
मी पीएमपीनं फिरतो.

पाऊसवेडा
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण नव्या वाहिनीचं प्रकरण आणखी वेगळं आहे. जून २०२५ मध्ये संसदेनं जो कायदा केला त्यात सरकार एखाद्या प्रकल्पाला "राष्ट्रहिताचा" ठरवून यादीत टाकू शकतं. यादीत गेला की निरनिराळ्या मंजुऱ्यांचा निकाल अनुकूल लागलाय असं धरायचं, मग चर्चा फक्त अटींची. म्हणजे पालिका सुनावणीला पोचेपर्यंत "करायची का" हा प्रश्न शिल्लकच नसेल.

वकिलीण_बाई
हो, आणि म्हणूनच वाटेवरच्या छोट्या पालिकांनी आत्तापासून स्वतःची माहिती गोळा करावी. विहिरी कुठे, भूजल किती खोल, अग्निशमन दलाकडे काय आहे, बाहेर पडायचे रस्ते किती. बर्नबीकडे पैसा होता, तज्ज्ञ बोलावता आले. दोन-तीन हजार वस्तीच्या गावाला एक अभियंता परवडत नाही. मदतनिधी मिळाला तरी इतका तोकडा की वकिलाच्या पहिल्या बिलात संपतो. माझं मत विचाराल तर पालिकांनी वेगवेगळं न जाता एकत्र एकच भूजलतज्ज्ञ आणि एकच आगतज्ज्ञ नेमावा.

राजापुरी_गंगा
हे आमच्याकडेही चालेल. अहवालाची प्रत ग्रामपंचायतीत येते, वाचणारा माणूस येत नाही.

नवा_गडी
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. पुढच्या महिन्यात बर्नबीत घर घेतोय, धागा वाचून बायको घाबरलीय. आपल्या घराजवळून वाहिनी जाते का ते कसं कळणार? मागच्या अंगणात कुंपण घालायचंय.

पाऊसवेडा
स्वागत! वाहिनी कंपनीच्या संकेतस्थळावर मार्गाचा नकाशा आहे. कुंपणासाठी एक खांब जरी रोवायचा असेल तरी आधी बीसी वन कॉलला कळवायचं, फुकट आहे. खाली काय काय आहे त्याची माहिती ज्याची त्याची कंपनी पाठवते. ती येईपर्यंत फावडं उचलू नका. घराच्या कागदात "राइट ऑफ वे" आहे का ते तुमच्या नोटरीला बघायला सांगा.

खडूस_काका
आणि नकाशावर भरवसा ठेवू नका. हाताने खणा.

नवा_गडी
धन्यवाद. बायको विचारतेय की डोंगरावरनं गणपती विसर्जनाला खाडी किती लांब?

सईसाखर
नव्या गड्या, त्यासाठी वेगळा धागा काढ. तिथे याच्याहून जास्त भांडण होईल.